काट्यावरचा सर्व्हर अटकतो आणि पावत्या गायब होतात: एका जिनिंगमधली शोधाशोध

हिंगणघाटहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या हायवेलगत एक जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. गेल्या सीझनला, कापसाची आवक भरात असताना, चुकाऱ्याच्या खिडकीवर दोन शेतकरी एकाच नंबरची काटापावती घेऊन उभे राहिले. नंबर ४२११. एकाची पावती आदल्या दिवशीची, दुसऱ्याची त्याच दिवशीची. नाव वेगळं, गाडी वेगळी, वजन वेगळं. कॉम्प्युटरमध्ये फक्त दुसरी होती. "मायी पावती पयलेची आहे जी, तारीख तं पाहा," पहिला माणूस कागद काचेवर दाबून दाखवत होता. त्याचं बरोबर होतं. ऑफिसची गुलाबी कार्बन कॉपी काढून बघितली, तर ४२११ ते ४२२४ अशा १४ पावत्या कागदावर होत्या आणि डेटाबेसमध्ये नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशीन तेच नंबर पुन्हा वाटत होतं.

सर्व्हर अटकतो ही तक्रार तोवर शिळी झाली होती. आठवड्यातून दोन-तीनदा फोन यायचा, "भाऊ, अटकलं पुन्हा. गाड्याईची लाइन रोडवर गेली, लोकं कल्ला करून रायले." मी पोचेपर्यंत कुणीतरी पॉवरचं बटन दाबून धरलेलं असायचं, मशीन पुन्हा सुरू झालेलं असायचं आणि बघण्यासारखं काही उरलेलं नसायचं. मीही दोनदा "मशीन जुनं झालं, नवं घ्या" म्हणून परत आलो होतो. नवं घेतलं असतं तरी त्या १४ पावत्या गेल्याच असत्या, हे नंतर कळलं.

मांडणी तुमच्याकडेही अशीच असेल, म्हणून सांगतो. एक असेंबल केलेला पीसी सर्व्हर म्हणून ठेवलेला, त्यात विंडोज १० आणि मायएसक्यूएल ५.७, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम. त्याला दोन मशीन जोडलेली: एक वजनकाट्याच्या खोलीत, दुसरं हिशेबाच्या खिडकीत. प्रोग्राम जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला, ओडीबीसी नावाच्या जोडदुव्यातून डेटाबेसला जोडलेला. ज्यानं लिहिला तो आता दुसऱ्या शहरात असतो, फोन उचलतो, पण सीझनमध्ये येत नाही. दालमिल असो, दूध संकलन असो की छोटी पतसंस्था, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे. आज्ञांची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आधी वही, मग स्क्रू ड्रायव्हर

"अटकलं" हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात होता. हे मला आधीच सुचायला हवं होतं. काट्यावरच्या पोराला मी एक शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, अटकलं की आधी यात लिहायचं, मग काय करायचं ते कर. वेळ लिही. कोणती खिडकी बंद पडली, काट्याची, हिशेबाची की दोन्ही? सर्व्हरवर माउस हलतो का? डब्यावरची डिस्कची लाल बत्ती लुकलुकते की सलग जळते? किती वेळानं सुटलं, आणि तू काय केलंस?

नऊ-दहा दिवसांनी वहीत हे होतं, जसंच्या तसं:

"स. ११.२० – काटा चालू, हिसेब बंद. माउस हालते. एक मिनटानं लाल एरर आला. काई नाही केलं."

"दु. १.३५ – दोनी बंद. माउस हालते. जेवून आलो तं चालू होतं."

"दु. ४.०५ – सर्वर पूरा बंद. माउस नाही हालत. बत्ती जळूनच रायली. बटन दाबलं."

"सं. ६.४० – दोनी बंद, माउस हालते. अर्धा तास वाट पायली. बटन दाबलं."

यातल्या प्रत्येक ओळीचं कारण वेगळं निघालं. माउस हलतो की नाही, या एका प्रश्नानं अर्धं काम झालं. माउस हलतो, दुसरा प्रोग्राम उघडतो, म्हणजे मशीन जिवंत आहे आणि डेटाबेस कशाची तरी वाट बघतोय. माउसच थिजला तर भानगड डेटाबेसच्या खाली आहे: डिस्क, गरमी किंवा वीज.

माउसही हलत नाही, बत्ती सलग जळते

हे ओळखायला सगळ्यात सोपं. विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदी बघा. आमच्याकडे ४.०५ च्या आसपास १५३ नंबरच्या नोंदी ओळीनं होत्या. डिस्कनं मागितलेलं दिलं नाही म्हणून पुन्हा मागावं लागलं, असा तिचा अर्थ. मधे एक ७ नंबरची, म्हणजे थेट खराब ब्लॉक. १२९ दिसली तर विंडोजनं कंटाळून डिस्कला रीसेट मारला असं समजा. आणि ४१ नंबर म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. आमच्याकडे ४१ ची रांग बघून मालक म्हणाले, "एवढ्या वेळा लाइन गेली?" लाइन गेली नव्हती. तेवढ्या वेळा बटन दाबलं गेलं होतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघितली. पिवळा रंग. सी-५ या ओळीत, म्हणजे संशयित सेक्टरच्या मोजणीत, आकडा शून्य हवा, तो नव्हता. एक गंमत लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबानं दाखवतं. १० दिसले तर ते १६ असतात. सी-७ ची ओळ, म्हणजे केबलमधून माहिती जाताना होणाऱ्या चुकांची मोजणी, वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून बघा, दोनशे रुपयांत काम होऊ शकतं.

डेस्कटॉपची साधी डिस्क खराब सेक्टरवर आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा हट्ट धरते. तोवर बाकी सगळी मागणी तिच्या दारात उभी. म्हणून सगळं मशीन थिजल्यासारखं दिसतं. त्याच क्षणी बटन दाबलं, तर लिहिण्यासाठी रांगेत असलेलं सगळं गेलं. डिस्क बदलली आणि ४.०५ वाली नोंद त्यानंतर वहीत आली नाही. पावत्या गायब होण्याचं कारण मात्र ही डिस्क नव्हती.

हिशेबाला पावती दिसत नाही, शेतकऱ्याच्या हातात आहे

११.२० ची नोंद मला सगळ्यात किरकोळ वाटली होती. एका खिडकीचं एक मिनिट. पण वहीत ती वारंवार होती आणि प्रत्येक वेळी अटकणं साधारण एक मिनिटच टिकत होतं. एका कनेक्शननं बदलायला घेतलेल्या नोंदीला कुलूप लागतं, दुसऱ्याला थांबावं लागतं; किती थांबायचं याची इनोडीबीची (मायएसक्यूएलमधला टेबलं साठवणारा भाग) मूळ मुदत ५० सेकंदांची असते. कुणीतरी एखादी रांग (टेबलमधली एक नोंद) धरून बसलंय, हिशेबाचा प्रोग्राम तीच रांग मागतोय, ५० सेकंद थांबून एरर देतोय, असं हे गणित होतं.

पुढच्या वेळी फोन आला तेव्हा बटनाला हात लावू दिला नाही. सर्व्हरवर 'शो फुल प्रोसेसलिस्ट' चालवायला सांगितलं आणि फोटो मागवला. त्यात काट्याचं कनेक्शन 'स्लीप' दाखवत होतं. झोपलेलं. म्हणजे निर्दोष, असं मी एरवी समजलो असतो. ही यादी कनेक्शन आत्ता काय करतंय एवढंच सांगते, त्यानं काय अर्धवट सोडलंय ते सांगत नाही. ते बघायचं तर इन्फॉर्मेशन स्कीमातलं 'इनोडीबी टीआरएक्स' हे टेबल. तिथे त्याच झोपलेल्या कनेक्शनच्या नावावर एक ट्रँझॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का होणारा किंवा एकत्रच मागे घेतला जाणारा बदलांचा गठ्ठा, उघडं होतं, सुरुवात सकाळी ९.१० ची. दोन तासांहून जास्त.

आता त्या १४ पावत्यांकडे वळतो. त्यांचा शोध मी बायनरी लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीत घेतला होता. ५.७ मध्ये हा लॉग आपोआप चालू नसतो, पण प्रोग्रामवाल्यानं तो चालू करून ठेवला होता, त्याचे उपकार. 'मायएसक्यूएल बिनलॉग'ला व्हर्बोज लावून चालवलं की घातलेली प्रत्येक रांग वाचता येते. ४२१० होती. ४२११ होती, पण दुसऱ्या दिवशीच्या माणसाची. आदल्या दिवशीच्या १४ मधली एकही नव्हती. बायनरी लॉगमध्ये गोष्ट लिहिली जाते ती कमिट, म्हणजे पक्की होताना. म्हणजे या पावत्या पुसल्या गेल्या नव्हत्या, त्या पक्क्या कधी झाल्याच नव्हत्या. काट्याच्या स्क्रीनवर दिसल्या, छापल्या गेल्या, शेतकऱ्याच्या खिशात गेल्या, आणि संध्याकाळी बटन दाबलं तेव्हा इनोडीबीनं उठल्यावर अर्धवट ट्रँझॅक्शन शिस्तीत मागे घेतलं. डेटाबेसनं आपलं काम चोख केलं होतं!

नंबर पुन्हा वाटले गेले त्याचं कारणही इथेच आहे. ५.७ पर्यंत इनोडीबी आपोआप वाढणारा नंबर फक्त मेमरीत ठेवतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलमधला सगळ्यात मोठा आकडा बघून त्याच्या पुढचा देतो. टेबलमध्ये शेवटचा ४२१० होता, म्हणून ४२११ पुन्हा. ८.० पासून हा आकडा इनोडीबीच्या स्वतःच्या लॉगमध्ये लिहून जपला जातो, तिथे बहुधा नंबरांत नुसती खिंडार दिसली असती. एका अर्थी जुनं व्हर्जन होतं म्हणून चोरी पकडली गेली.

पण ट्रँझॅक्शन उघडं राहत होतं कसं? रोज नाही, कधीकधीच. वही आणि गुलाबी पावत्या शेजारी ठेवून बसलो, तेव्हा दिसलं की त्या त्या दिवशी सकाळी एखादी पावती रद्द झालेली आहे. काट्यावरच्या पोराला विचारलं, रद्द कशाला केलीस? "कागद फसते ना जी प्रिंटरमधी. मंग रद्द करतो अन् दुसरी काढतो."

प्रोग्रामवाल्याला फोनवर धरून कोड उघडायला लावला. साधी पावती जतन करताना तो ट्रँझॅक्शन उघडत नव्हता, प्रत्येक पावती आपोआप पक्की व्हायची. 'रद्द' बटनामागे मात्र आधी ट्रँझॅक्शन सुरू, मग पावती रद्द, दिवसाच्या एकूण वजनातून वजावट, रद्दीची चिठ्ठी छापणं आणि शेवटी कमिट. वर 'ऑन एरर गोटू'. कागद अडकलेलाच असायचा, चिठ्ठी छापताना ४८२ नंबरचा प्रिंटर एरर यायचा, आणि प्रोग्राम उडी मारून थेट खाली, कमिटची ओळ ओलांडून. तिथे एक संदेश, 'प्रिंटर तपासा', आणि बस. ट्रँझॅक्शन उघडंच. त्यानंतरची त्या दिवसाची प्रत्येक पावती त्याच उघड्या पोत्यात पडत राहायची. दिवसाच्या एकूण वजनाची रांग कुलूपबंद, म्हणून हिशेबाची खिडकी ५० सेकंद ताटकळायची. नवीन पावत्या हिशेबाला दिसायच्याच नाहीत, कारण दुसऱ्याचं कमिट न झालेलं काम त्याला दिसत नाही.

मग एवढे दिवस निभावलं कसं? प्रोग्रामची खिडकी बंद करताना उघडं काही असेल तर कमिट कर, अशी एक ओळ त्यानं कधीतरी टाकली होती. त्यामुळे संध्याकाळी प्रोग्राम नीट बंद केला की सगळं पक्कं. हिशेबनीस बाईंना हे अनुभवानं माहीत होतं: "पावती दिसत नसली की त्याले म्हनतो, एकदा बंद करून चालू कर. दिसते मंग." इतके दिवस हा तोडगा माझ्या कानावर पडत होता आणि मी तो अंधश्रद्धेत जमा केला होता.

दुरुस्ती चार ओळींची. एरर आला तर आधी रोलबॅक, म्हणजे अर्धवट काम मागे. छपाई ट्रँझॅक्शनच्या बाहेर, कमिट झाल्यावर. कागद ही बाहेरच्या जगातली वस्तू, ती अडकणार, फाटणार, संपणार, तिच्या भरवशावर डेटाबेसचं दार उघडं ठेवू नये. शिवाय सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट टाकली. 'इनोडीबी टीआरएक्स'मध्ये एक मिनिटापेक्षा जुनं काही दिसलं की ती मला मेसेज करते. असं प्रकरण तुमच्याकडे असेल तर प्रोग्रामवाल्याकडे जाण्याआधी हे टेबल बघून फोटो काढून ठेवा. नाहीतर "आमच्याकडे नीट चालतंय" एवढंच उत्तर मिळेल.

याच प्रकाराची एक धाकटी बहीण आहे. काट्याचं मशीन मधेच बंद पडलं किंवा नेटवर्कची वायर निघाली, तर समोरचा माणूस गेला हे सर्व्हरला लगेच कळत नाही. मेलेलं कनेक्शन कुलूप धरून बसतं. रिकाम्या कनेक्शनची मूळ मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास. अशा वेळी सर्व्हर बंद करायची काही गरज नसते. प्रोसेसलिस्टमधून त्याचा आयडी बघून 'किल' करा, दुसऱ्या क्षणी खिडक्या सुटतात. फक्त ते कनेक्शन खरंच मेलेलं आहे ना, हे काट्यावर फोन करून विचारा. जिवंत असेल तर आधी तिथला प्रोग्राम नीट बंद करायला सांगा, कारण किल केलं की त्याचं न पक्कं झालेलं काम गेलं.

दुपारी दीड आणि संध्याकाळी पावणेसात

ही दोन्ही पटकन सुटली. दीडला 'मायएसक्यूएल डम्प'नं बॅकअप चालायचा. जेवणाची सुट्टी म्हणून ती वेळ ठेवली होती, पण सीझनमध्ये काटा जेवत नाही. डम्प नेहमीच्या पद्धतीनं चालला की टेबलांवर कुलूप घालतो, तोवर नवी पावती लिहिली जात नाही. 'सिंगल ट्रँझॅक्शन' हा पर्याय लावला की इनोडीबीच्या टेबलांसाठी कुलपाची गरज राहत नाही. तरीही वेळ रात्री अकराची केली.

या निमित्तानं बघितलं तर शेतकऱ्यांची आणि गावांची यादी अजून मायआयसॅममध्ये, म्हणजे इनोडीबीच्या आधीच्या साठवणीच्या इंजिनमध्ये होती, फार पूर्वीच्या व्हर्जनपासून चालत आलेली. ५.५ पासून नवीन टेबल आपोआप इनोडीबीत बनतं, जुनं मात्र जसं आहे तसं राहतं. मायआयसॅमला ट्रँझॅक्शन नाही, पडल्यावर उठायची सोय नाही. लाइन गेली की 'टेबल क्रॅश्ड', मग रिपेअर, आणि रिपेअरमध्ये वाचता न आलेल्या रांगा जातात. 'इन्फॉर्मेशन स्कीमा'च्या टेबलांच्या यादीत इंजिनचा रकाना बघा, मायआयसॅम दिसलं तर बॅकअप घेऊन, काटा बंद असताना, बदलून टाका.

संध्याकाळची अर्ध्या तासाची गोष्ट म्हणजे डिस्क भरली होती. बायनरी लॉग किती दिवस ठेवायचा ते सांगितलं नसेल तर ५.७ तो कधीच पुसत नाही. आणि जागा संपल्यावर लॉग लिहिताना मायएसक्यूएल ओरडत नाही, थांबतो. दर मिनिटाला जागा झाली का बघतो, आणि दहा मिनिटांतून एकदा एरर लॉगमध्ये एक ओळ लिहितो. खिडकीवरच्या माणसाला दिसतं ते फक्त थिजलेलं स्क्रीन. एखादी नको असलेली मोठी फाइल काढली की मिनिटभरात गाडी आपोआप चालू होते. लॉगच्या फाइली एक्सप्लोररमधून उडवू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' या आज्ञेनंच काढा. आम्ही मुदत १५ दिवसांची केली.

कुणीतरी स्पीड वाढवला होता

डिस्क बदलताना दोन सेटिंग सापडली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीत दोन चौकोन असतात. वरचा राइट कॅशिंगचा (लिहायची माहिती आधी तात्पुरत्या मेमरीत ठेवायचा), तो असू द्या. खालचा 'टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग', त्यावर टिक होती. त्याचा अर्थ असा, की डेटाबेस म्हणतो "हे आत्ताच्या आत्ता तबकडीवर उतरव", आणि विंडोज तो निरोप डिस्कपर्यंत पोचवतच नाही. डेटाबेसला वाटतं लिहिलं, डिस्कच्या कॅशमध्ये ते अजून तरंगतंय. तिथेच खाली विंडोज इशाराही देतं की डिस्कला वेगळा वीजपुरवठा असल्याशिवाय हे करू नका. टिक काढली.

दुसरं मायएसक्यूएलच्या फाइलमधलं 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट'. मूळ किंमत १, इथे २ होती. २ असताना कमिट झालेली गोष्ट ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात पडते आणि डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा उतरते. मायएसक्यूएल पडला तर वाचतं, मशीनची वीज गेली तर शेवटचं सेकंदभर जाऊ शकतं. काही ठिकाणी हा सौदा परवडतो. काट्यावर एक गाडी चढून उतरायला चार-पाच मिनिटं लागतात, तिथे पावतीमागे काही मिलिसेकंद वाचवून कुणाचं भलं होणार? १ केलं. बायनरी लॉगसाठीचं असंच सेटिंग, 'सिंक बिनलॉग'ही १ आहे ना, बघून घ्या.

अटकल्यावर काय करायचं

सर्व्हरच्या डब्यावर मी पॉवर बटनावर चिकटपट्टी लावली आहे. आता क्रम असा: वहीत लिहा, दोन मिनिटं थांबा. माउस हलत असेल तर मला फोन करा, मी दुरून प्रोसेसलिस्ट बघतो. खरंच बंद करायची वेळ आली तर आधी दोन्ही खिडक्यांतले प्रोग्राम बंद करा, मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन मायएसक्यूएल थांबवा. तो थांबायला वेळ घेतो, मेमरीतलं लिहून काढत असतो, घाई करू नका. बटन फक्त माउसही मेलेला आणि दहा मिनिटं उलटलेली असतील तर.

बटन दाबावंच लागलं आणि मायएसक्यूएल उठला नाही, तर दुरुस्तीच्या आधी संपूर्ण डेटा फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. सगळं, लॉगसकट. हे न करता इंटरनेटवर वाचून 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' (बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीनं उठवायचं सेटिंग) ६ वर नेलेलं एक मशीन माझ्याकडे आलं होतं, त्यात नंतर काही करता आलं नाही. १ पासून सुरू करा, उठला की लगेच डम्प काढा. ३ पर्यंत ठीक, ४ आणि पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून ते फक्त नकलेवर. बायनरी लॉग असेल तर रात्रीचा डम्प परत घालून त्यापुढचं लॉगमधून चढवता येतं. आमच्या १४ पावत्या लॉगमध्ये नव्हत्याच, त्या गुलाबी कॉप्यांवरून हातानं चढवल्या, नंबरापुढे 'अ' लावून. दिवाणजींना ते अजून पटलेलं नाही.

रुई आणि बॅटरी

जिनिंगमध्ये ठेवलेल्या पीसीचं झाकण काढून बघितलं आहे का कधी? प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईची अख्खी गादी होती, बोटानं उचलली तर अखंड निघाली. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून हळू पडतो, तेही "अटकलं"मध्येच जमा होतं. दर महिन्याला मशीन बंद करून, पंख्याची पाती बोटानं धरून, छोट्या ब्लोअरनं साफ करा. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. वरून प्लास्टिकचं कव्हर घालून चालू ठेवलेलं मशीनही मी बघितलं आहे, त्यापेक्षा रुई परवडली.

प्रेसची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, लाइट मिचकतात, यूपीएस टिक्-टिक् करतो. आमचा टिक् करून मशीनच बंद करायचा, कारण बॅटरी संपलेली. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांपलीकडे भरवशाची राहत नाही. काटा बंद असताना, मायएसक्यूएल थांबवून, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा किती मिनिटं धरतो. यूपीएसची सिग्नल केबल डब्यात पिशवीसकट पडलेली असते, ती जोडली तर बॅटरी उतरताना विंडोज स्वतः नीट बंद होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का, आणि मार्चनंतर त्यात कुणी पाणी घालतं का, हेही वायरमनला विचारा.

बॅकअपचं एकच सांगतो. पेनड्राइव्हमधल्या फाइलचं नाव आणि तारीख बघून समाधान मानू नका. डम्पच्या शेवटच्या ओळीत 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि वेळ असते. ती नसेल तर फाइल मधेच तुटलेली आहे. आमच्याकडे पासवर्ड बदलल्यापासून रोज रात्री शून्य बाइटची फाइल बनत होती, आदल्या दिवशीच्या चांगल्या फाइलवर. आता प्रत्येक दिवसाचं नाव वेगळं आहे, आणि दर शनिवारी मी एका जुन्या लॅपटॉपवर ती फाइल खरंच परत घालून बघतो. काट्यावरचा पोरगा शुक्रवारची शेवटची गुलाबी पावती हातात घेऊन वाचतो आणि मी लॅपटॉपवर ताडतो. नुसता नंबर वाचला तर मी थांबवतो, गाडी नंबर आणि वजनही वाचायला लावतो. ४२११ नंबर तर त्या दिवशीही दोन्हीकडे होताच.